दंड घालावा तर आगरदांड्यात!

*मॉलमध्ये जाऊन नवं जॅकेट घेणं सोप्पं. पण आजीच्या लुगड्याचं जॅकेट करायचं, तर कात्री हातात घेण्याआधी विचारायचं कोणाला? ‘माझी स्टाईल’ शोधत जंगल जेटीच्या गावापर्यंत केलेला एक वीकएंड प्रवास.*

‘‘कसलं सॉलिड जॅकेट आहे गं! कुठून उचललंस?’’

ठिकाण, लोअर परळमधल्या एका ऑफिसची लिफ्ट. वेळ, सकाळी दहा वाजून पाच मिनिटं. विचारणारी मुलगी माझ्या ओळखीचीसुद्धा नव्हती.

‘‘आगरदांड्याहून,’’ मी म्हटलं.

‘‘नवीन ब्रँड आहे का? ऑनलाइन मिळतो?’’

लिफ्ट आठव्या मजल्यावर थांबली, ती उतरून गेली आणि खरं उत्तर माझ्या तोंडातच राहिलं. तसंही ते लिफ्टमध्ये मावलं नसतं. त्यात एक बंद घर आहे, एक चक्रीवादळ आहे, एक गंजलेली पत्र्याची ट्रंक आहे आणि अख्खी संध्याकाळ माझ्याशी न बोललेली माझी आत्या आहे. म्हणून इथे सांगते. निवांत.

सगळ्यांचं सेम टू सेम

आधी एक कबुली. नोकरी लागली तेव्हा मीही तुमच्यासारखीच होते. पगार झाला की पहिला शनिवार मॉलमध्ये. ट्रायल रूमच्या बाहेर लाईन, हातात सहा हँगर, ‘सेल’चा लाल बोर्ड आणि घरी आल्यावर आईचा ठरलेला डायलॉग, ‘‘असाच एक आहे की तुझ्याकडे!’’

पण खरा झटका बसला तो एका मीटिंगमध्ये. टेबलाभोवती आम्ही पाच मुली, त्यातल्या तिघींच्या अंगात एकच टॉप. एकच प्रिंट, फक्त साईझ वेगळे. आम्ही हसलो, फोटोबिटो काढला. पण घरी येताना ट्रेनमध्ये डोक्यात किडा वळवळत राहिला. इतके पैसे घालवून मी जर कोणाची तरी झेरॉक्स कॉपीच दिसणार असेन, तर यात ‘माझी स्टाईल’ नेमकी कुठेय?

आणि गंमत बघा. आपण जिथे ही खरेदी करतो ना, तिथे एकेकाळी कापड तयार व्हायचं. फिनिक्स ही लोअर परळमधली कापड गिरणी होती. आज तिथे मॉल आहे. माझे आजोबा याच गिरणगावातल्या एका गिरणीत साचेवाले होते, म्हणजे मागावर कापड काढणारे. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यातले हजारो जण शेवटी कोकणातल्या, घाटावरच्या आपापल्या गावी परतले. आजोबाही परतले. त्यांचं गाव आगरदांडा.

म्हणजे आजोबांनी जिथे कापड विणलं, तिथे नात कापड विकत घ्यायला जाते. तेही बांगलादेशात नाहीतर तिरुपूरमध्ये शिवलेलं. आहे ना सिनेमाची स्टोरी?

कात्रीचा पहिला बळी

झेरॉक्स व्हायचं नाही असं ठरल्यावर मी मोर्चा वळवला आईच्या कपाटाकडे. तेव्हा जिकडेतिकडे जुन्या साड्यांच्या कुर्त्यांचे फोटो दिसायचे. मला वाटलं, यात काय एवढं? आईची लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीची सिल्कची साडी उचलली आणि आमच्या एरियातल्या एका टेलरकडे टाकली.

आठ दिवसांनी कुर्ता आला. दिसायला झकास. मैत्रिणीच्या रिसेप्शनला घालून गेले, फोटोसाठी हात वर केला आणि ‘टर्र...’! काखेपासून थेट कमरेपर्यंत. उरलेली संध्याकाळ मी कोपर शरीराला चिकटवून काढली. डावा हात मोडल्यासारखी.

चूक कोणाची? टेलरने कापड बघितलं नाही, पण मी तरी कुठे बघितलं होतं! वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलेलं सिल्क त्या घडीवरच कमजोर होतं. वरून छान चमकतं, पण ताण आला की तिथेच सुटतं. आमची बाही नेमकी त्या घडीवर बेतली गेली होती. आत अस्तर लावलं असतं तरी ताण त्याने घेतला असता. तेही नव्हतं.

आई रागावली नाही. तिने फक्त उरलेला पदर उचलला, हाताने सारखा केला आणि कपाटात ठेवून दिला. एक अक्षर बोलली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

त्यामुळे माझ्या कपाटात आजीचं लुगडं आलं तेव्हा मी कात्रीला हातच लावला नाही. गडद हिरवं, सुती, बारीक लाल काठांचं नऊवारी. आजोबांच्याच गिरणीचं, गिरणीच्याच दुकानातून घेतलेलं. आजी गेल्यावर ते गावच्या ट्रंकेत होतं आणि २०२१मध्ये बाबा ते मुंबईला घेऊन आले. हँगरवर लटकलेल्या माझ्या बावीस टॉप्सच्या खाली ते तसंच पडून राहिलं. काढावंसं वाटायचं, पण नऊवारी मला नेसता येत नाही. कापावंसं वाटायचं, पण हिंमत होत नव्हती.

शेवटी गेल्या डिसेंबरात लुगडं बॅगेत टाकलं, जॅकेटचं मस्त डिझाईन कागदावर काढलं आणि ठरवलं की आत्याला विचारायचं. ते लुगडं इतकी वर्षं सांभाळलं होतं ते तिने.

चलो आगरदांडा!

मुंबईहून निघालात की अलिबागपर्यंतचा रस्ता तुम्हाला पाठच असेल. खरी मजा त्याच्या पुढे सुरू होते. चौल, रेवदंडा, मग साळावचा पूल, काशीद, नांदगाव, मुरूड. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नारळ-पोफळीच्या वाड्या. आगरदांडा मुरूडच्याही पुढे, राजपुरीच्या खाडीवर. बहुतेक लोक जंजिरा बघून मुरूडवरूनच मागे फिरतात. पुढे जातात ते फक्त गाडी फेरीबोटीत घालून दिघीमार्गे दिवेआगर-श्रीवर्धन गाठणारे.

मी रेवदंड्याला चहासाठी थांबले, कारण या भागाचं आणि कपड्यांचं जुनं लफडं आहे. चौल हे एकेकाळचं मोठं बंदर. १४६९च्या सुमारास अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी इथे उतरला. त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे. या भल्या माणसाने आपल्या प्रवासवर्णनात सगळ्यात आधी काय टिपलं असेल? लोकांचे कपडे! इथले लोक उघडेच फिरतात, बायका केसांची एक वेणी घालतात आणि इथला राजा एक वस्त्र डोक्याला तर दुसरं कमरेला गुंडाळतो, असं तो लिहितो. आणि सगळे आपल्याकडेच टकामका बघतात, अशी त्याची तक्रार. पुढे सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पिरार द लावाल हा फ्रेंच प्रवासी आला, त्याने चौलच्या रेशमी कापडाची वाखाणणी केली. म्हणजे आज आपण वीकएंडला जिथे फक्त मासे खायला जातो, तिथलं कापड कधीकाळी दूरदूर जायचं, बॉस!

जेटीवरचा फॅशन शो

आगरदांड्यात शिरताच पहिली दिसते ती जेटी. इथल्या फेरीबोटीला सगळे ‘जंगल जेटी’ म्हणतात. नाव जंगल, पण झाड औषधाला नाही. लोखंडी तराफ्यासारखी मोठी बोट, तिच्यात टेम्पो, कार, बाईक आणि माणसं एकत्र चढतात आणि खाडी ओलांडून पलीकडे दिघीला उतरतात. पंधरा-वीस मिनिटांचा प्रवास.

आत्याकडे जायला तासभर होता, म्हणून मी जेटीवरच बसले. आणि काय सांगू, आपल्याकडच्या कुठल्याही कॅफेपेक्षा तिथे जास्त स्टाईल दिसली.

मासळीची पाटी घेऊन आलेल्या एक मावशी. मोठ्या फुलांचं लुगडं गुडघ्यापर्यंत चापून-चोपून नेसलेलं, त्यावर चक्क नवऱ्याचा जुना चेक्सचा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. हे कॉम्बिनेशन एखाद्या मॉडेलने रॅम्पवर घातलं असतं तर आपण टाळ्या वाजवल्या असत्या. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, ‘‘ऊन लागतं गो हाताला.’’ विषय संपला.

एक तरणाबांड खलाशी, टी-शर्टच्या बाह्या कात्रीने उडवलेल्या. त्या बाह्यांचं काय केलं? एक डोक्याला बांधली होती, दुसरीने मोबाईल गुंडाळला होता. आणि सावलीत बसलेले एक काका जाळं दुरुस्त करत होते. फाटलेला भाग आधी कापून नीट चौकोनी करायचा, मग सुईने एकेक गाठ मारत नवा तुकडा जुन्यात विणत न्यायचा. मी विचारलं, ‘‘नवं जाळं नाही का परवडत?’’ काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी विचारलं होतं की दात दुखतो तर नवं तोंडच का नाही घेत!

कोकणात पूर्वी जाळी सुताची आणि तागाची असायची. ती टिकावीत म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळून रंगवायचे. नंतर नायलॉन आलं. तो काढा गेला, पण दुरुस्ती गेली नाही. काकांकडे टाकाऊ जाळ्याच्या तुकड्याची बांधलेली एक पिशवी होती, त्यांची भाजी आणायची. निघताना पैसे देऊन ती मागून घेतली. आज ती माझी ऑफिस बॅग आहे. आत काळ्या कापडाचं अस्तर लावलंय, नाहीतर लिपस्टिक गाळून बाहेर पडते.

‘मला कशाला विचारतेस?’

आत्या माझ्या बाबांची मोठी बहीण. तिचं सासर गावातलंच, त्यामुळे आजी-आजोबांच्या माघारी आमच्या घराची किल्ली तिच्याकडे. चहा झाला, पोहे झाले, कोणाचं लग्न ठरलं आणि कोणाचं मोडलं तेही झालं. मग मी बॅगेतून लुगडं काढलं आणि डिझाईनचा कागद पुढे केला.

आत्याने कागद बघितला. लुगडं बघितलं.

‘‘बाबांना विचारलंस?’’

‘‘हो. ते म्हणाले, कर काय करायचं ते.’’

‘‘मग मला कशाला विचारतेस?’’ म्हणाली आणि उठून मासे साफ करायला परसात गेली.

त्या संध्याकाळी ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. ताट वाढलं, सोलकढी वाढली, अंथरूण घातलं. मला वाटलं, झालं! आईच्या साडीसारखंच. पुन्हा एकदा मी कोणाचं तरी काहीतरी फाडलंय, आणि या वेळी कात्री न लावताच.

अंगावर घ्यायला आत्याने एक जाडजूड गोधडी दिली होती. रात्री पांघरताना दिव्यात नीट बघितलं. जांभळं, चॉकलेटी, पिवळट असे कापडाचे पट्टे आणि त्यावरून कडेपासून आत आत फिरत गेलेला पांढरा धावदोरा. एका पट्ट्यावर तांबूस डाग. गंजाचा. असाच डाग मी आणलेल्या लुगड्यावरही होता.

ट्रंकेची गोष्ट

सकाळी मीच विषय काढला. आत्या ओटीवर बसून बोलायला लागली.

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. मुरूड, श्रीवर्धन भागात पोफळीच्या आणि नारळाच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. वीज गेली, फोन गेले. आम्ही मुंबईत लॉकडाऊनमध्ये. चार दिवस आत्याचा फोनच लागत नव्हता. पाचव्या दिवशी लागला तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘‘आम्ही आहोत. तुमच्या घराची कौलं गेली.’’

यापुढचं मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

कौलं उडाल्यावर पाऊस थेट माळ्यावर आला. ट्रंक पाण्यात. आत आजीची सात लुगडी, चिखलाने आणि गंजाने माखलेली. आत्याच्या स्वतःच्या घरात पाणी होतं, पण तिने ती ट्रंक ओढत आपल्याकडे आणली. लुगडी रिठ्याच्या पाण्यात घातली, घासली, पिळली. जूनमध्ये कोकणात कपडा वाळवणं म्हणजे काय असतं, ते तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक. उघडीप मिळेल तसं बाहेर, पाऊस आला की आत. असं दहा दिवस.

आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे कुठे लावणार, असं आपण म्हणतो. आत्याने लावलं. चार लुगडी अगदीच विरली होती. त्यांच्या तिने तीन गोधड्या शिवल्या. दोन शेजारच्या घरी दिल्या, कारण त्यांच्याकडे कोरडं अंथरूणच उरलं नव्हतं. तिसरी रात्री माझ्या अंगावर होती. दोन लुगडी ती स्वतः नेसते. राहिलेलं एक बाबांना दिलं.

‘‘वादळात कोणी आलं नाही ते ठीक,’’ आत्या म्हणाली. ‘‘गाड्याच बंद होत्या. पण नंतरही कोणी नाही आलं गो बाय. तुझा बाबा वर्षाने आला, एका दिवसासाठी. तू आज आलीस, ती कापायचा कागद घेऊन.’’

यावर काय बोलणार? मी काहीच बोलले नाही. ‘अपसायकलिंग’, ‘स्लो फॅशन’, ‘सस्टेनेबल’ असले मी लेखांमध्ये वापरलेले सगळे शब्द त्या ओटीवर एकदम फुसके वाटले.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, ‘‘आण इकडे ते लुगडं. उजेडात धर.’’

दंड म्हणजे फाईन नव्हे

लुगडं एका बाजूने तिने धरलं, दुसऱ्या बाजूने मी. मधून ऊन आलं आणि मला पहिल्यांदाच ते कापड दिसलं. काठाजवळ घट्ट, पदराकडे घट्ट, पण मधला हातभर भाग इतका विरलेला की पलीकडचं माडाचं झाड दिसत होतं. बसण्या-उठण्याने तोच भाग सगळ्यात जास्त झिजतो. माझ्या डिझाईनमध्ये जॅकेटची पाठ नेमकी तिथून काढायची होती. म्हणजे पुन्हा ‘टर्र...’!

‘‘आता याला दंड घालायचा,’’ आत्या म्हणाली.

आपल्याला दंड माहीत तो ट्रॅफिक पोलिसाचा, नाहीतर विनातिकीट प्रवासाचा. पण लुगडं मधे विरलं की विरलेला भाग आडवा कापून काढायचा आणि दोन चांगली टोकं एकमेकांना जोडायची, या जोडालाही मराठीत दंड म्हणतात. ‘दंड घातलेलं लुगडं’ हा शब्द जुन्या मराठी कथा-कादंबऱ्यांमध्ये हमखास भेटतो, बहुतेक वेळा गरिबीची खूण म्हणून. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. त्यातला हातभर गेला तरी नेसायला पुरतं. काटकसरीचं साधं गणित.

दंड मीच घालायचा, अशी आत्याची अट. मशीन नाही, हाताने. दोन्ही कडा एकमेकींत दुमडून घ्यायच्या, म्हणजे सुटे धागे आत बंद होतात. मग बारीक टाक्यांनी आरपार शिवण. ऐकायला किती सोप्पं! पहिला दंड वाकडा आला. आत्याने काही न बोलता उसवला. दुसऱ्यांदा दोरा जास्त ओढला, कापडाला चुण्या पडल्या. तोही उसवला. तिसऱ्यांदा जमलं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते, बोटाला चार भोकं पडली होती आणि मोबाईल कुठे ठेवलाय ते मला आठवत नव्हतं.

दुसरी अट पदराची. ‘‘पदर मी ठेवणार. तुझ्या आतेभावाला मूल होईल तेव्हा दुपटं करीन.’’ बरोबरच होतं. आपल्याकडे बाळाचं पहिलं पांघरूण नव्या कापडाचं नसतंच. आजीचं किंवा पणजीचं धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं, त्याचं दुपटं. कुंची, झबलं, दुपटं... म्हणजे आपण सगळेच जन्मतः ‘रीफॅशन्ड’ कपडे घातलेली माणसं! मधे कुठेतरी विसरलो.

उरलेल्या कापडाचं जॅकेट मुंबईत शिवून घेतलं. या वेळी टेलरकडे दीड तास बसले. मुंढ्याला सैल ठेवलं, आत मऊ अस्तर लावलं. आणि तो दंड? टेलरकाका म्हणाले, ‘‘हा जोड आत घेतो, दिसणार नाही.’’ मी म्हटलं, नाही काका. दिसू दे. तो पाठीवर मधोमध आहे, आडवा, जरासा वाकडा. त्या दिवशी लिफ्टमधल्या मुलीला जे ‘सॉलिड’ वाटलं, ते बहुतेक तेच.

जगभरची ठिगळं

फाटलं ते झाकायचं नाही, दाखवायचं, ही आता जगभरची स्टाईल आहे. जपानमध्ये साशिको नावाचा धावदोरा आणि ठिगळांवर ठिगळं लावून पिढ्यान्‌पिढ्या वापरलेले ‘बोरो’ कपडे आहेत. तेही आधी गरिबांचेच होते, आज म्युझियममध्ये आहेत. बंगालचा कांथा जुन्या साड्यांतूनच जन्मला. जंजिऱ्यावर राज्य केलं ते आफ्रिकन वंशाच्या सिद्दींनी. तिकडे खाली उत्तर कन्नड जिल्ह्यातही सिद्दींची वस्ती आहे. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगिजांनी गोव्यामार्गे गुलाम म्हणून आणलेले. तिथल्या बायका जुन्या कपड्यांची ‘कवंदी’ शिवतात, आपल्या गोधडीची बहीणच. कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची ‘फुलं’ लावली नाहीत तर ती कवंदी उघडी समजतात.

आपल्या जवळपासही बघा. गोव्यात वेंडेल रॉड्रिग्सने विसरली जाणारी कुणबी साडी पुन्हा रॅम्पवर आणली. २०२०मध्ये तो गेला, साडी राहिली. पुण्यात करिश्मा शहानी खानचं ‘का-शा’ हे लेबल उरलेल्या आणि जुन्या कापडांतून नवे कपडे करतं. आणि लहानपणी दारात येणारी बोहारीण आठवतेय? चार साड्यांवर एक स्टीलचं पातेलं, त्यासाठी आईची तिच्याशी अर्धा तास घासाघीस! आज ज्याला आपण ‘रीसेल’ म्हणतो, ते ती डोक्यावर टोपली घेऊन करत होती.

दुसरी बाजूही माहीत असू दे. २४ एप्रिल २०१३ला ढाक्याजवळची राणा प्लाझा ही गारमेंट फॅक्टऱ्यांची इमारत कोसळली, ११०० हून जास्त माणसं गेली. स्वस्त टॉपची किंमत कोणीतरी भरतच असतं. साध्या सुती टी-शर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं, असा अंदाज आहे. मी काही संत झालेली नाही. सेलमध्ये अजूनही जाते. पण आता हँगर उचलला की कापड उजेडात धरून बघते. सेल्सगर्लना मी वेडी वाटते. वाटू दे.

परतताना

निघायच्या आधी जंगल जेटीने दिघीला जाऊन आले, उगाचच. लांबवर जंजिरा दिसत होता. दिघी बंदर २०२१मध्ये अदानी समूहाकडे गेलं आणि सागरी महामार्गासाठी या खाडीवर पूल बांधायची योजना आहे. पूल झाला की गाड्या सुसाट जातील, जेटीवर तासभर कोणी थांबणार नाही. गावाला रस्ता हवाच, आत्यालाही हवाय. मला फक्त वाटलं, तोवर जमेल तितक्या वेळा यावं.

तेव्हापासून तीनदा गेले. एकदा बाबांना घेऊन. घराची कौलं आता नवी आहेत, पण बाबांनी जुनी धडकी कौलं टाकली नाहीत, पडवीवर चढवली. आत्या खालून बघत होती. म्हणाली, ‘‘दंड घातलास होय रे?’’

परवा जॅकेट धुताना पाहिलं, कॉलरपाशी विरायला लागलंय. आत्याला फोन करून सांगितलं. म्हणाली, ‘‘ये घेऊन.’’ पुढच्या शनिवारचं ठरलंय.

---

तुम्हालाही दंड घालायचाय?

• आधी विचारा, मग कापा. साडी कोणाची, कधीची, कोणी सांभाळली? ज्यांची आहे त्यांना डिझाईन ठरवायच्या *आधी* विचारा. माझ्यासारखं कागद घेऊन जाऊ नका.

• उजेडात धरा. विरलेला भाग, घडीच्या रेषा आणि गंजाचे डाग खडूने मार्क करा. बाही, मुंढा, पाठ इथे तो भाग येऊ देऊ नका.

• सुतीपासून सुरुवात करा. जुनं सिल्क आणि जरी नवख्या हातांसाठी नाही. सिल्क वापरायचंच तर अस्तर हवंच, आणि कपडा सैल.

• कापण्याआधी धुवा. सुती कापड आटायचं ते आधीच आटू दे.

• काठ वाया घालवू नका. बाहीची कड, बटवा, मोबाईल पाऊच, केसांचा रबर, कापडाची बटणं. दोन इंची काठातही अॅक्सेसरी दडलेली असते.

• एक तरी टाका स्वतः घाला. वाकडा आला तरी चालेल. तेवढं तरी दुसऱ्या कोणाकडे सेम टू सेम नसेल!

कसं जाल?

मुंबईहून बोटीने मांडवा, तिथून अलिबाग-रेवदंडा-काशीद-मुरूडमार्गे आगरदांडा. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला गाडी नेणारी रो-रो बोटही आहे. रस्त्यानेच जायचं तर मुंबई-गोवा महामार्गावरच्या इंदापूरहून तळामार्गे रस्ता आहे. (हे रायगडचं इंदापूर, पुण्याचं नव्हे. चुकलात तर खाडीऐवजी ऊस दिसेल!) मुरूडपर्यंत एसटी मिळते. जंजिऱ्याच्या बोटी राजपुरीहून सुटतात, पावसाळ्यात बंद असतात. फेरीबोटीची वेळही पावसाळ्यात विचारूनच निघा. राहायला मुरूडमध्ये भरपूर सोय आहे. आणि जेटीवर एक तास रिकामा ठेवा. फोन बॅगेत ठेवून.